डीएनए बिघडलेला असताना जीवाणू त्याची प्रत पुरी कशी करतात?

तुम्ही विचारलंय की आधी दुरुस्ती करून मगच प्रत का काढत नाहीत. दुरुस्ती चालू असतेच, पण सगळे बिघाड वेळेत सापडत नाहीत. ई. कोलाय या जीवाणूत प्रत काढणारं प्रथिन, ‘पॉलिमरेज ३’, दर सेकंदाला डीएनएची सुमारे १००० अक्षरं जोडत सुटलेलं असतं. अतिनील किरणांमुळे एकमेकांना चिकटलेली थायमिन या अक्षराची जोडी समोर आली की ते अडतं. ती वाकडी जोडी त्याच्या खाचेत बसतच नाही. तिथेच अडून राहिलं तर पेशी मेली.

अडल्या जागी एकेरी धागा उघडा पडतो आणि त्यावर रेकए प्रथिनं ओळीने चढतात. ही ओळ लेक्सए या प्रथिनाला स्वतःचेच तुकडे करायला लावते, आणि त्याने दाबून ठेवलेली चाळीसेक जनुकं मोकळी होतात. दुरुस्तीची प्रथिनं आधी येतात. तेवढ्याने भागलं नाही, तर रेकएच्याच ओळीपाशी उमुडी प्रथिनाची सुरुवातीची २४ अमिनो आम्लं कापली जातात. अशी दोन कापलेली उमुडी एका उमुसी प्रथिनाला जोडली की पॉलिमरेज ५ तयार. त्याची खाच ऐसपैस, वाकडी जोडीही मावते. मेगाब्लॉकला फास्ट लोकल काही स्टेशनं स्लो ट्रॅकवरून नेतात तसं: थोडी अक्षरं हे जोडतं, मग पुन्हा पॉलिमरेज ३. बिघाड जागचा हलत नाही, तो नंतर निस्तरायचा.

वर्गात शिकवताना मी खरी रेंगाळते ती याच्या पुढे. अतिनील किरणांनी उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत कायमचा बदल, होतो असं आपण सरसकट म्हणतो. पण १९७७ मध्ये जपानी संशोधकांनी उमु जनुकं (उमुडी-उमुसी बनवणारी) निकामी असलेले ई. कोलाय वेगळे काढले, आणि किरण टाकूनही त्यांच्यात उत्परिवर्तनं जवळपास होईनात! किरण अडथळा उभा करतात; चूक लिहितं ते पेशीचंच प्रथिन. ऐसपैस खाचेत चुकीचं अक्षरही खपून जातं, आणि पॉलिमरेज ५ ला लिहिलेलं तपासून खोडता येत नाही.

मुंबईत राहून हे पुस्तकी वाटत नाही. औषधांना दाद न देणारा टीबी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाला नवा नाही, आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात ते अशाच उत्परिवर्तनांमुळे. टीबीच्या जंतूत पॉलिमरेज ५ नसतं. तिथे हे काम डीएनएई२ हे पॉलिमरेज करतं, इमुबी या प्रथिनाच्या आधाराने. डीएनएई२ काढून टाकलेल्या जंतूंची उंदरांना लागण केली, तेव्हा औषधाला पुरून उरणारे जंतू कमी निपजले, असं २००३ साली दिसलं. त्यामुळे आता या प्रथिनांनाच रोखायचा प्रयत्न चालू आहे. ग्रिसेलिमायसिन हे प्रतिजैविक पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या कड्याला चिकटतं, म्हणजे इमुबीला तिथे जागाच उरत नाही.