पीएच.डी. पूर्ण होण्याआधी पोस्टडॉकसाठी अर्ज करावा का?

प्रश्न : बीजगणितीय भूमितीवरील माझा प्रबंध येत्या उन्हाळ्यापर्यंत सादर होईल. पदवी हाती आल्यावरच पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदासाठी, अर्ज करावेत, असे सहकारी सांगतात. ते योग्य आहे का? आणि जाहिराती कोठे पाहाव्यात?

उत्तर : पदवीची वाट पाहत थांबलात, तर बहुधा एक वर्ष वाया जाईल. गणितातल्या नेमणुका शैक्षणिक वर्षाला बांधलेल्या असतात. अमेरिकेत शरद ऋतूत सुरू होणाऱ्या पदांसाठीचे बरेचसे अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरातच मागवले जातात आणि रुजू होण्यापूर्वी पदवी मिळालेली असावी, एवढीच अट सहसा असते. अपवाद युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी पाठ्यवृत्तीचा. तिथे अर्जाच्या अंतिम मुदतीपर्यंत पीएच.डी. झालेली असावीच लागते, आणि मुदतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात (जिथे संशोधन करायचे तिथे) 12 महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिलेल्यांना साधारणपणे अर्ज करता येत नाही. सहकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते ते अशाच योजनांपुरते.

गणिताच्या जाहिरातींसाठी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे 'मॅथजॉब्ज' हे संकेतस्थळ आधी पाहावे. युरोपसाठी 'युराॲक्सेस' आणि उच्च-ऊर्जा भौतिकीकडे झुकणाऱ्या विषयांसाठी 'इन्स्पायर'ची यादी उपयोगी पडते.

जाहिराती शोधण्यात उमेदवार महिनेच्या महिने घालवतात आणि शिफारसपत्रांची आठवण मात्र त्यांना शेवटच्या आठवड्यात होते. माझ्या मते निवड होते किंवा हुकते ती मुख्यतः या पत्रांवर, कारण निवड समितीतील बहुतेकांना तुमचा नेमका उपविषय ठाऊक नसतो आणि तुमच्या प्रमेयाचे मोल त्यांना दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते. मार्गदर्शकांचे पत्र तर हवेच, पण ते स्तुती करणार हे सारेच गृहीत धरतात. म्हणून निदान एक पत्र तुमच्या संस्थेबाहेरच्या, तुमचा शोधनिबंध खरोखर वाचलेल्या गणितज्ञाचे असावे. अशी ओळख एका दिवसात होत नाही. त्यासाठी निबंधाचा मसुदा 'अर्काइव्ह' या शोधनिबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर अर्जांपूर्वीच्या उन्हाळ्यातच ठेवावा, संबंधित तज्ज्ञांना तो कळवावा आणि परिषदेत बोलण्याची संधी सोडू नये. पत्रलेखकांना किमान महिनाभर आधी विनंती करावी. 'मॅथजॉब्ज'वर ते स्वतःच पत्र चढवतात आणि तेच पत्र अनेक अर्जांना जोडता येते, त्यामुळे वीस ठिकाणी अर्ज करताना संकोच वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत अध्यापनाविषयीचे स्वतंत्र पत्रही पुष्कळदा मागतात.

पद दोन प्रकारचे असते, हेही ध्यानात घ्यावे. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पनिधीतील जागेसाठी तुमचे काम त्या प्रकल्पाशी जुळावे लागते. याउलट क्यूरी किंवा जर्मनीच्या हुम्बोल्टसारख्या पाठ्यवृत्तीत आराखडा तुमचा असतो, पण यजमान प्राध्यापकांची संमती आधी मिळवावी लागते. त्यांना लिहिताना 'आपल्या कार्याने प्रभावित झालो' असे मोघम पत्र पाठवू नये. त्यांच्या कोणत्या निकालापासून तुमचा प्रश्न सुरू होतो, हे पहिल्या चार ओळींत सांगावे आणि सोबत तुमचा एकच निबंध जोडावा.