चोर्ला घाटात सहकुटुंब दोन रात्री: वाचकांचे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरातल्या कौटुंबिक शिबिरांना जाणाऱ्यांकडून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: आम्ही आठ जण आहोत, त्यात दोन मुलं आणि सासूबाई. शुक्रवारी चोर्ला घाटात शिबिराला जायचं, रविवारी दुपारी परत. डोंगरावर गारवा असेल म्हणून स्वेटर, रजया बांधल्यात. आणखी काय लागेल? (फोंडा)

रजया परत कपाटात ठेवा. घाटमाथा साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. दर १०० मीटरला पारा अर्धा ते पाऊण अंश उतरतो. पणजीत रात्री २६ अंश असतील, तर वर २० ते २२. मोठ्यांना चादर, मुलांना पूर्ण बाह्यांचा एक जाडसर सदरा आणि सासूबाईंना शाल, एवढ्यात भागतं.

तयारी करायची ती वळवाच्या पावसाची. मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासाभरात सगळं भिजवून जातात. ओल्या सुती कपड्यांत वाऱ्याला बसलं की २१ अंशांतही मुलांना हुडहुडी भरते. म्हणून माणशी एक कोरडा जोड, टॉवेल आणि मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून वेगळे ठेवा. ती पिशवी झोपायच्या वेळेपर्यंत उघडायची नाही. वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोट न्या. वीज चमकून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर सड्यावर (मोकळ्या खडकाळ पठारावर) किंवा झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद करून गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

आणि शुक्रवारी अर्धी रजा टाका. सात वाजता अंधारतं. संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघालेलं कुटुंब अंधारात वळणं चढतं आणि टॉर्चच्या उजेडात तंबू शोधतं. पाचपर्यंत वर पोचायचं ठरवा. पेट्रोल वाटेतल्या साखळी गावातच भरून घ्या. घाटात मोबाईलला रेंज सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे शिबिराचा नंबर आणि रस्ता कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न: सत्तरीत माकडतापाची भीती असते असं ऐकलं. मुलांना न्यावं की नाही? (म्हापसा)

न्या, पण ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. २०१५ पासून सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. हा विषाणू पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. साधारण जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका काजूचा आणि तुमच्या शिबिराचा. पाऊस सुरू झाला की तो ओसरतो.

लोक फसतात ते गोचिडीच्या आकाराला. गुरांच्या कानावर दिसते तशी टपोरी गोचीड ते शोधत असतात. या दिवसांत चावते ती तिची पिल्लावळ, तिळाएवढी किंवा त्याहून बारीक. वाळलेल्या पाल्यावर आणि खुरट्या झुडपांच्या टोकांवर ती बसलेली असते आणि जाणाऱ्याच्या पायाला चिकटते. उडत नाही, झाडावरून टपकतही नाही. त्यामुळे सगळा बंदोबस्त गुडघ्याखाली: फिकट रंगाची लांब पँट, पायमोज्यांत खोचलेली, आणि बंद बूट. फिकट कापडावर काळा ठिपका लगेच दिसतो. पाल्यावर टेकू नका, चटई अंथरा.

उघड्या कातडीला २० ते ३० टक्के डीट (कीटक दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नये. मोठ्या मुलांच्याही हाताच्या पंजांना, डोळ्यांभोवती आणि तोंडाजवळ नको. उन्हाचं क्रीम लावणार असाल तर आधी ते, सुकल्यावर हे.

फिरून आलात की, आणि रात्री झोपण्याआधी पुन्हा, एकमेकांची अंगं तपासा. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, गुडघ्यामागे. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. पिळू नका. रॉकेल, चुना, काडीचा चटका हे उपाय नकोत. त्यांनी गोचीड सुटायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिची लाळ जखमेत उतरत राहते. नखांत चिरडूही नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

तारीख का, तर लक्षणं तीन ते आठ दिवसांनी येतात, तुम्ही घरी परतून शिबिर विसरलेले असता तेव्हा. अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंगदुखी, उलट्या. अशा वेळी डॉक्टरांना ‘व्हायरल’ वाटू देऊ नका. ‘अमुक तारखेला सत्तरीच्या रानात होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. यावर नेमकं औषध नाही, पण वेळेवर दाखल झाल्याने फरक पडतो. आपल्या मनाने अॅस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका, कारण या तापात रक्तस्राव होऊ शकतो. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

प्रश्न: जेवण आम्हीच करणार, गॅस आणि भांडी शिबिरवाले देतात. आठ जणांसाठी किती सामान न्यावं? मागच्या वेळी वाटप नासलं. (डिचोली)

ओल्या खोबऱ्याचं वाटप मेच्या उकाड्यात, बंद डब्यात, गाडीच्या डिकीत चार-पाच तासांपलीकडे टिकत नाही. खोबऱ्यात पाणी आणि गोडवा दोन्ही असतात, वाटल्याने ते मोकळे होतात आणि आंबायला लागतात. मीठ घालून ते थांबत नाही. धणे, मिरी, मिरच्या वगैरे सुका मसाला घरून भाजून दळून न्या. नारळ अख्खे न्या आणि वर खवा. खवणी विसरू नका, ती शिबिरात क्वचित असते. आठ जणांना पाच नारळ पुरतात.

तांदूळ मोठ्या माणसाला एका जेवणाला १०० ग्रॅम, मुलाला ६० ग्रॅम. तुमच्याकडे सहा मोठे आणि दोन लहान असतील आणि तीन वेळा भात होणार असेल तर सव्वादोन किलो. उकडे न्यायचे तर दुपारी दोन तास भिजत घाला, नाहीतर गॅस संपेपर्यंत बसाल. ८०० मीटरवर पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळतं. उघड्या टोपात याचा थोडा फरक पडतो, कुकरमध्ये नाही. सुरय (न उकडलेले) तांदूळ सोयीचे. डाळ प्रत्येक जेवणाला माणशी ४० ग्रॅम धरा.

ताजी मासळी फक्त शुक्रवारच्या रात्रीपुरती, वजनाइतक्याच बर्फात. शनिवारी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणि सोलांची कढी करा. पाव शुक्रवारी सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेले शनिवारी सकाळपर्यंत खावेत. पोळ्यो (कोंड्याचे पाव) जास्त टिकतात असं म्हणतात, पण दमट हवेत त्यांनाही बुरशी धरते. सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गाडीत ठेवा, तंबूत कधीच नाही. वासाने उंदीर, कुत्री आणि रानडुकरं येतात.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला साडेतीन लिटर. दोन दिवसांचे ५६ लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन जार. शिबिरात पाणी आहे म्हणाले तर ते पिण्याचं की वापरायचं, हे स्पष्ट विचारा. मेमध्ये डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी आटलेलं असतं. खळखळ उकळी एक मिनिट आल्याशिवाय पिऊ नका.

चुलीवर शिजवायची हौस असेल तर थांबा. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत आग पेटवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तुमचं शिबिर हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे आधी विचारून घ्या.

प्रश्न: तंबूचे खुंटे जमिनीत शिरतच नाहीत, वाकतात. (पेडणे)

सड्यावर जांभा दगड असतो, त्याच्यापुढे तंबूसोबत येणारे अॅल्युमिनियमचे खुंटे टिकत नाहीत. आठ इंची लोखंडी खिळे वॉशर घालून न्या. तेही शिरले नाहीत तर दोरीच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधा, तो जमिनीवर ठेवा आणि त्याच्या तंबूकडच्या बाजूला, दोरीवर, मोठा दगड चढवा. ताण आला की लहान दगड मोठ्याला अडतो. खालचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर दिसता कामा नये, दिसलं तर पावसाचं पाणी गोळा करून ते तुमच्या अंथरुणाखाली आणतं. सुक्या ओहोळात तंबू नको. ‘तीन माणसांचा’ लिहिलेल्या तंबूत दोन मोठे आणि एक मूल मावतं. तंबूत शेगडी किंवा कोळसे ठेवू नयेत. विषारी वायूला वास नसतो.

प्रश्न: साप चावला तर जवळचा उपाय काय? (वाळपई)

१०८ किंवा गाडी, दुसरा उपाय नाही. आवळपट्टी, चिरा, चोखणं सगळं टाळा. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हातपाय हलू न देता फळीला बांधा आणि साखळी किंवा वाळपईचं सरकारी आरोग्य केंद्र गाठा. पुढे गरज पडली तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). साप मारून न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावर चालतं. घाटातल्या चापड्यावर ते लागू पडत नाही, पण त्याचा चावा सहसा जीवघेणा नसतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा कळतही नाही. तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद ठेवा आणि सकाळी बूट झटकून घाला.

प्रश्न: मुलीला घाटात उलट्या होतात. (मडगाव)

निघण्याआधी कोरडं, हलकं खाणं. हातात मोबाईल किंवा पुस्तक नको, नजर लांब रस्त्यावर. गोळी द्यायची तर डॉक्टरांकडून वयाप्रमाणे मात्रा विचारून, घाटाच्या पायथ्याचं केरी गाव येण्याच्या निदान तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही.

प्रश्न: सासऱ्यांचं इन्सुलिन थंड कसं ठेवावं? (कुडचडे)

वापरात असलेली बाटली घराच्या नेहमीच्या तापमानात राहू शकते, फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात नको. ती ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी निकामीच असतं.

प्रश्न: कुत्र्याला सोबत नेलं तर? (पर्वरी)

नेऊ नका. सत्तरीच्या रानात बिबटे आहेत आणि कुत्रं हे त्यांचं सोपं भक्ष्य. शिवाय त्याच्या केसांतून गोचिडी तुमच्या गाडीत आणि पलंगावर येतील.