लिमिट : दोनाच्या अलीकडे, पलीकडे

प्रश्न : निपाणीजवळच्या कॉलेजात फर्स्ट पीयूसीला (अकरावीला) गणित शिकवते. बरीच मुलं मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) होऊन येतात. क्ष → २ असताना (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) ची लिमिट, म्हणजे क्ष २ च्या जवळ नेत गेलं की किंमत ज्या आकड्याच्या जवळ जाते तो आकडा, ४, हे ती बिनचूक काढतात. पण ‘वर-खाली शून्य येतंय, मग (क्ष − २) छाटलंस कसं?’ असं विचारलं की सगळी गप्प. काय करावं?

उत्तर : छाटण्याची पायरी एक दिवस लांबवा. पहिल्या तासाला फक्त तक्ता. क्ष ला १.९, १.९९, १.९९९ घाला, ३.९, ३.९९, ३.९९९ येतं. मग पलीकडून २.१, २.०१, २.००१ घाला; ४.१, ४.०१, ४.००१. दोन्ही बाजू मुलांकडूनच करून घ्या. एकाच बाजूचा तक्ता केला की ‘४ ही हद्द, तिच्यापुढे जायचं नाही’ असा ग्रह होतो. त्यात लिमिटला आपण मराठीत म्हणतो ‘सीमा’. बेळगाव भागातल्या पोराच्या कानाला हा शब्द कसा लागतो ते तुम्हाला काय सांगायचं! ४.०१ डोळ्यांनी दिसलं की ग्रह सुटतो.

आता क्ष = २ घालू द्या. ०/० येतं. कुणी १ म्हणेल, कुणी ०. पण ५ म्हटलं तरी ५ × ० = ० जुळतंच, ७ नेही जुळतं; म्हणून तिथे किंमतच ठरत नाही. फळ्यावर य = क्ष + २ ही रेघ काढा आणि (२, ४) वर पोकळ वर्तुळ ठेवा. लिमिट काढताना क्ष २ च्या जवळ असतो, २ नसतो. म्हणजे (क्ष − २) शून्य नाही, म्हणूनच छाटता येतं. ‘क्ष ≠ २’ एवढं त्या पायरीशेजारी दर वेळी लिहायला लावा.

समजलं का, हे एका प्रश्नात कळतं : ‘क्ष = २ ला किंमत ७ दिली, बाकी सूत्र तेच. लिमिट किती?’ ७ म्हणणाऱ्यांना परत तक्त्यावर आणा. मग शून्यापाशी |क्ष| ÷ क्ष (|क्ष| म्हणजे चिन्ह सोडून क्ष ची किंमत) : डावीकडून −१, उजवीकडून +१, लिमिट नाही.

साइन क्ष ÷ क्ष वर (क्ष → ० असताना लिमिट १) आलात की आधी कॅल्क्युलेटर बघा. ०.१ रेडियनला ०.९९८३ येतं. डिग्रीवर राहिला तर ०.०१७४५, आणि ‘मॅडम म्हणतात १’ म्हणून वर्ग गोंधळतो. तो आकडा लगेच पुसू नका. तो पाय (π) भागिले १८० आहे. रेडियन का लागतो, ते त्यातूनच दाखवता येतं.