वाचकांचे प्रश्न : आठ दिवसांची परदेशी वैद्यकीय मोहीम आणि नववा दिवस

प्रश्न : नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात मी गेली एकोणीस वर्षे परिचारिका आहे. आमच्या परिचयातील प्लास्टिक सर्जनांचा एक गट दुभंगलेले ओठ आणि टाळू यांच्या शस्त्रक्रियांसाठी आठ दिवस युगांडाला जाणार असून त्यांनी मलाही येण्याविषयी विचारले आहे. तिकिटाचा खर्च मला करावा लागेल आणि रजा बिनपगारी असेल. घरचे म्हणतात, आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या तालुक्यांत गरजू नाहीत का? शाळेत डॉ. कोटणीसांविषयी वाचल्यापासून असे काही करण्याची इच्छा मनात आहे. मी जावे का, आणि जायचे ठरल्यास कोणती तयारी करावी?
– एक परिचारिका, नाशिक रोड

उत्तर : आपण जावे, असेच माझे मत आहे, मात्र होकार कळवण्यापूर्वी गटाच्या प्रमुखांना एक प्रश्न अवश्य विचारावा. शेवटच्या दिवशी ज्या बाळाच्या टाळूवर शस्त्रक्रिया होईल, त्या बाळाकडे नवव्या दिवशी कोण पाहणार आहे? उत्तरात तेथील एखाद्या डॉक्टरांचे नाव, रुग्णालय आणि फोन क्रमांक मिळाला, तर निश्चिंत मनाने तयारीस लागावे. ‘तेथील लोक बघतील’ एवढेच उत्तर मिळाले, तर गट कितीही नावाजलेला असला तरी नकार द्यावा.

हा आग्रह मी अनुभवातून धरत आहे. अनेक वर्षांपूर्वी सुरगाणा तालुक्यातील एका शिबिरात आम्ही शेवटच्या संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रिया करत राहिलो आणि रात्री नाशिकला परतलो. पहाटे एका मुलाच्या टाळूतून रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा त्याच्याजवळ रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेशिवाय कोणीही नव्हते. तिने प्रसंगावधान राखून त्याला नाशिकला आणवले म्हणून मूल वाचले. युगांडातून परतणाऱ्या विमानात बसलेल्या सर्जनला असे बोलावून घेता येणार नाही. म्हणून शेवटचे दोन दिवस टाळूच्या शस्त्रक्रिया न करता केवळ ओठांच्या कराव्यात, असा नियम आपल्या गटाने पाळला आहे का, हेही विचारून घ्यावे.

ओठ आणि टाळू यांतील हा भेद आपणास ठाऊक आहेच, तरी इतर वाचकांसाठी तो सांगतो. ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण तीन महिन्यांचे झाले की करता येते. दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो वजन आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. ओठाचे टाके नीट भरले की मोठा धोका टळतो. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात होते आणि तिच्यानंतर खरे काम सुरू होते, कारण टाळूत पुन्हा छिद्र पडू शकते, कानात वारंवार पाणी साठून ऐकू कमी येऊ शकते आणि उच्चार स्पष्ट होण्यासाठी कित्येक मुलांना दीर्घकाळ वाचा-उपचार घ्यावे लागतात. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आपल्याकडे अजूनही आईला ऐकवले जाते. अशा आईला शस्त्रक्रियेइतकीच धीराच्या शब्दांची गरज असते, आणि ते शब्द तिच्या भाषेत बोलणारा माणूस परदेशी गटात नसतो. तो तेथीलच असावा लागतो.

युगांडात असे लोक नाहीत, या समजुतीने जाऊ नये. कंपालातील मुलागो येथे वैद्यकीय शिक्षण १९२४ साली सुरू झाले, आणि एंटेबे रस्त्यावर किसुबी येथील कोर्सू रुग्णालयात दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या शस्त्रक्रिया नियमित होतात. आपला गट अशा एखाद्या संस्थेच्या निमंत्रणावरून आणि तिच्या रुग्णयादीप्रमाणे काम करणार असेल, तर आठ दिवसांचे श्रम पुढच्या उपचारांना जोडले जातील.

आपल्या एकोणीस वर्षांच्या अनुभवाचा सर्वांत मोठा उपयोग, माझ्या मते, शस्त्रक्रियेच्या साधनांची ट्रॉली लावण्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेतील सुरक्षिततेसाठी एकोणीस मुद्द्यांची एक तपासणी यादी केली आहे : भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा थांबून ती मोठ्याने वाचायची असते. दिल्ली आणि टांझानियातील इफाकारा यांसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. नव्या जागी, अपरिचित सहकाऱ्यांबरोबर, दिवसाला ठरवलेली संख्या पूर्ण करण्याच्या घाईत हीच यादी सर्वप्रथम गुंडाळली जाते. गॉज आणि सुया यांची मोजणी जुळल्याशिवाय टाके पूर्ण होऊ देणार नाही, असे सर्जनला ठामपणे सांगणारी अनुभवी सिस्टर तेथे हवी. प्रत्येक टेबलावर तेथील एक परिचारिका आपल्याबरोबर उभी राहील, अशी व्यवस्थाही मागून घ्यावी. आपणही तिच्याकडून पुष्कळ शिकाल, विशेषतः साधने वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह मध्येच बंद पडला किंवा वीज गेली तर काय करायचे ते.

डॉ. कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले, ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांच्या त्यागाची तुलना आठ दिवसांच्या प्रवासाशी करण्याचे कारण नाही. पण त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि तेथील तरुणांना वैद्यक शिकवले, हा त्यांच्या कामाचा भाग आपल्यालाही आपल्या परीने अनुसरता येईल.

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागावू नये. मी तर म्हणेन, याच गटाबरोबर आधी पेठ किंवा सुरगाण्याच्या एखाद्या शिबिराला जावे. संमतीपत्र कोकणा किंवा वारली आईला तिच्या बोलीत समजावले जाते का, नोंदी रुग्णालयात ठेवल्या जातात का, पुढच्या तपासणीची तारीख दिली जाते का, हे आपल्याला दोन दिवसांत दिसेल. येथे हयगय करणारा गट युगांडात काटेकोर वागेल, असे मानण्यास आधार नाही.

आता तयारीविषयी. युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे प्रमाणपत्र लागते. ही लस केवळ सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभरासाठी मान्य आहे. प्रमाणपत्राविना परतल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. हिवतापाची प्रतिबंधक गोळी प्रवासाआधी सुरू करून परतल्यावरही चालू ठेवावी लागते, डॉक्सिसायक्लिन असल्यास चार आठवडे. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर नाशिकच्या डॉक्टरांना आफ्रिकेहून आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे, अन्यथा ते डेंग्यू शोधत बसतील आणि फाल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारच्या हिवतापात गमावलेला एक दिवसही महागात पडतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले असले तरी रक्तातील प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी. सुई टोचल्यास द्यावयाची एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे गटाबरोबर आहेत का, हे निघण्यापूर्वी पाहावे. ती शक्यतो काही तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. तेथील परिचारिका परिषदेची लेखी तात्पुरती परवानगी आणि कामाला योग्य असा व्हिसा हातात असल्याविना, केवळ पर्यटक म्हणून, शस्त्रक्रियागृहात उभे राहू नये. तेथे तीन चपट्या पिनांची ब्रिटिश पद्धतीची सॉकेट्स असल्याने मॉनिटरसाठी अ‍ॅडॅप्टरही लागतील.

प्रश्न : माझा मुलगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका प्रवास कंपनीने आफ्रिकेतील रुग्णालयात दोन आठवडे ‘प्रत्यक्ष हाताने काम’ करण्याची योजना दिली असून त्यात टाके घालणे आणि प्रसूतीत मदत करणे यांचा उल्लेख आहे. पैसे भरावेत का?
– एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : भरू नयेत. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात देखरेखीविना जे करू दिले जाणार नाही, ते दुसऱ्या देशातील गरीब स्त्रीवरही करू देता कामा नये. समोरचा तरुण अजून डॉक्टर झालेला नाही, हे तिला बहुधा सांगितले जात नाही, आणि काही विपरीत घडले तर तिला दाद मागण्यास जागा नसते. आपल्या मुलालाही ते ओझे जन्मभर वाहावे लागेल. टाके आणि प्रसूती तो इंटर्नशिपच्या वर्षात वरिष्ठांच्या नजरेखाली शिकेलच. तेथील आरोग्यव्यवस्था पाहण्याची त्याला खरी ओढ असेल, तर केवळ निरीक्षक म्हणून, महाविद्यालयाच्या लेखी संमतीने जावे.

प्रश्न : मी सिन्नर येथील औषधविक्रेता आहे. अशा गटाबरोबर पाठवण्यासाठी डॉक्टरांकडील सॅम्पल आणि रुग्णांनी परत केलेली औषधे गोळा करावीत, असा विचार आहे.

उत्तर : आपली भावना मोलाची आहे, पण ही दोन्ही प्रकारची औषधे पाठवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ सालापासून हेच सांगतात. शिवाय औषध तेथे पोहोचेल तेव्हा त्याची मुदत निदान एक वर्ष शिल्लक असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. सुटी, मिश्र औषधे वेगळी करण्यात आणि मुदत संपलेली नष्ट करण्यात तेथील तोकड्या मनुष्यबळाचा वेळ आणि पैसा जातो. त्याऐवजी त्या रुग्णालयाकडून गटामार्फत लेखी मागणी मागवावी आणि तिच्यातील एक-दोन वस्तूच, उदाहरणार्थ बारीक विरघळणारे टाक्यांचे धागे किंवा लहान मुलांच्या पल्स ऑक्सिमीटरचे प्रोब, घाऊक भावात नव्या घेऊन द्याव्यात. प्रत्येक खोक्यावर वस्तूंची यादी चिकटवावी, आणि युगांडाच्या राष्ट्रीय औषध प्राधिकरणाची आयात परवानगी गटाने घेतली आहे, याची खात्री झाल्यावरच खोके सुपूर्द करावेत.