लखनौच्या फोटोपुढे नातीचा प्रश्न

प्रश्न : काळा घोड्याजवळच्या संग्रहालयात युद्धाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन बघायला नववीतल्या नातीला घेऊन गेले होते. लखनौच्या सिकंदरबागेत हाडं पसरलेली दिसतात, त्या फोटोपुढे ती थबकली. म्हणाली, "आजी, फोटो काढत बसण्यापेक्षा यानं कुणाला वाचवलं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. आणि दालनात इतका अंधार का ठेवतात?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, अंधाराचं आधी सांगते. माझी सगळी नोकरी संग्रहालयातले जुने फोटो जपण्यात झाली. त्या काळचे फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर छापत. उजेडानं ते पिवळे पडतात, विटतात, आणि विटलेलं परत येत नाही. म्हणून दिवे साधारण 50 लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे मंदच ठेवतात. आत गेल्यावर थोडं थांबा, डोळे सरावतात.

आता नातीचा प्रश्न. सिकंदरबागेची लढाई नोव्हेंबर 1857 ची. हा फोटो काढणारा फेलिस बिआटो तिथे पोचला 1858 मध्ये, काही महिन्यांनी. वाचवायला कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा रसायन लावलेल्या ओल्या काचेवर फोटो घ्यायचा तर समोरच्यानं काही सेकंद निश्चल राहावं लागे, त्यामुळे चालू लढाई टिपताच येत नसे. हाडंसुद्धा फोटोसाठी उकरून मांडली होती, असं अनेक अभ्यासक मानतात.

तिला पुन्हा घेऊन जा आणि हाडांच्या मागे, पडक्या इमारतीच्या खांबांपाशी बघायला सांगा. तिथे काही देशी माणसं आहेत, एक घोडा आहे. कत्तलीच्या जागी त्यांना 'हलू नका' म्हणून कुणी तरी सांगितलं असणार. मला हाडांपेक्षा ती माणसं जास्त छळतात. फोटोखालच्या इंग्रजी ओळीत 2,000 बंडखोर मारल्याचं लिहिलेलं असतं. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. बिआटो इंग्रजी फौजेच्या आसऱ्यानं फिरत होता, फोटो विकत घेणारेही बहुतेक इंग्रज अधिकारीच. तेव्हा कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा होता, हे तिला विचारा. नववीतल्या मुलीला ते नीट कळतं.

सगळेच मात्र लढाई सरल्यावर येणारे नव्हते, हेही सांगा. युद्धाचे फोटो काढणारा रॉबर्ट कापा 1954 मध्ये इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, सुरुंगावर पाय पडून गेला. आपला छायाचित्रकार दानिश सिद्दीकी 2021 मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. दोघांच्याही हातात तेव्हा कामच होतं.