तारखेवरचा अंगठा

पेडणे तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिले आहे. मुलगी साडेचार वर्षांची. जन्मल्यावर सहाव्या दिवशी आतड्याला पीळ पडला आणि बरेचसे आतडे काढून टाकावे लागले. तेव्हापासून पोटावरच्या नळीतून दूध, रात्री नऊ ते सकाळी सहा पंप, आणि ताप चढला की इस्पितळ. पती बोटीवर नोकरीला, आरोग्य विमा त्यांच्या नावावर. कंपनीने तीन क्लेम नाकारले: 3,84,000, 1,10,000 आणि 92,000 रुपयांचे. पती पुढच्या महिन्याच्या 11 तारखेला उतरणार. ते आले की केस करू, तोवर काय तयारी करावी, आणि ही पॉलिसी सोडून दुसरी घ्यावी का, असे त्या विचारतात.

ताई, तुमचे 11 तारखेचे गणित चुकले आहे. बाकी सगळे त्यानंतर.

तुम्ही पहिल्या क्लेमच्या नकारपत्राचा जो फोटो पाठवला त्यात तुमचा अंगठा नेमका तारखेवर आहे. कंपनीचा शिक्का दिसतो, पॉलिसी क्रमांक दिसतो, खाली औषधाचा गुलाबी डागही दिसतो, फक्त तारीख दिसत नाही. ती पुन्हा मागवून घेतली. या महिन्याच्या 26 तारखेला त्या पत्राला दोन वर्षे पूर्ण होतात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 69 म्हणते की तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. तुमच्या बाबतीत ते कारण म्हणजे हे पत्र. पती उतरतील तेव्हा तुमचा सगळ्यात मोठा क्लेम मुदतीबाहेर गेलेला असेल.

तुम्ही म्हणाल, आम्ही गप्प थोडेच बसलो होतो? नव्हता बसला. 41 ई-मेल केलेत. बहुतेक रात्री दोन-अडीचला गेलेले, म्हणजे पंप वाजल्यावर उठून लिहिलेले, हे वेळेवरून कळतेच. पण पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. कंपनीने एकदा स्पष्ट 'नाही' म्हटले की घड्याळ सुरू होते. नंतर तुम्ही चाळीस वेळा 'कृपया पुन्हा विचार करावा' लिहिले आणि त्यांनी चाळीस वेळा 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असे उत्तर दिले, तरी ते थांबत नाही. आणि ही मुदत समोरच्याने हरकत घेतली तरच बघायची, असेही नाही. स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की तक्रार दाखल करून घेण्याआधी ती मुदतीत आहे का, हे आयोगाने स्वतःहून पाहायचे आहे. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण कलमाची भाषा नव्या कायद्यात जवळपास तशीच आली आहे.

विलंब माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. मुलीच्या इस्पितळातल्या मुक्कामांची यादी जोडली तर पुरेसे कारण म्हणून ती कदाचित मान्यही होईल. पण जो अर्ज करण्याची वेळच येऊ न देणे अजून तुमच्या हातात आहे, त्याच्या भरवशावर का राहायचे? मुदतमाफीच्या अर्जावर समोरचा वकील म्हणणे द्यायलाच दोन तारखा घेतो. मूळ प्रकरण तोवर फायलीत पडून राहते.

असली पत्रे मला महिन्याला चार-पाच तरी येतात. कुणी चवथ होऊ दे म्हणतो, कुणी भाऊ आखातातून येऊ दे. कागद पूर्ण असतात, दुखणे खरे असते, आणि तारीख गेलेली असते. तुमची अजून गेलेली नाही, म्हणून हे जरा रागाने लिहितो आहे.

पॉलिसी पतीच्या नावावर आहे, मग सही कुणाची, ही तुमची अडचण. पतीने परदेशी बंदरात उतरून वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवायचे, हा तुमच्या दिरांचा सल्ला सोडून द्या. त्यात महिना जाईल. कायद्यात 'ग्राहक' म्हणजे नुसता पैसे भरणारा नव्हे. त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच. विमा मुलीच्या उपचारासाठी आहे आणि तिचे नाव पॉलिसीत आहे. तेव्हा एक तक्रारदार मुलगी, अज्ञान (अल्पवयीन) असल्यामुळे आईमार्फत, आणि दुसऱ्या तुम्ही स्वतः. पतीकडून सहीचे साधे संमतीपत्र स्कॅन करून मागवा, बोटीवर इंटरनेट असते. ते उतरले की त्यांना तक्रारदार म्हणून जोडण्याचा अर्ज करता येईल. गोव्यात आणखी एक मुद्दा मांडून बघण्यासारखा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते, म्हणजे विम्याचा हप्ता अर्धा तुमच्याही पैशातून गेला. आयोग यावर काय म्हणेल हे छातीठोक सांगत नाही. ओळभर लिहून ठेवा, भिस्त त्यावर नको.

तक्रार उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात, पर्वरीला. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो, तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही होते. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. इथे क्लेमची नव्हे, हप्त्याची रक्कम धरतात. वकील सक्तीचा नाही, पण विमा कंपनीचा असतोच, हेही लक्षात ठेवा. 26 ला शनिवार आहे, म्हणून 23 हीच शेवटची तारीख धरा. शेवटच्या रात्री फाइल अपलोड होत नाही, हा अनुभव मी एकदा घेतला आहे आणि पुन्हा घ्यायचा नाही. एखादे बिल मिळत नसेल तर त्याच्यासाठी थांबू नका, ते नंतर परवानगीने जोडता येते.

तिन्ही क्लेम एकाच तक्रारीत घाला. दुसऱ्या पत्राला तेरा महिने झालेत, तिसऱ्याला पाच. घाई पहिल्याची.

आता प्रकरणाचे गुणदोष. इथे माझी खात्री थोडी कमी आहे. पहिल्या पत्रात नकाराची कारणे दोन: 'बाह्य जन्मजात व्यंग' आणि 'माहिती दडवली'. पहिले कारण मला लंगडे वाटते. विम्याच्या व्याख्येत बाह्य म्हणजे शरीराच्या दिसणाऱ्या भागातले, आंतरिक म्हणजे आतले. तिचे आतडे जन्मतःच नीट वळलेले नव्हते, हे आतले झाले. पोटावर दिसते ते भोक शस्त्रक्रियेने, नळीसाठी पाडलेले आहे. क्लेम तपासणाऱ्याने फोटो पाहून 'बाह्य' ठरवले असावे. आंतरिक जन्मजात आजार आणि जनुकीय आजार सरसकट वगळता येत नाहीत, असे विमा नियामकाने 2019 मध्येच सांगितले आहे. तुमच्या बालशल्यचिकित्सकांकडून हे दोन ओळींत लिहून घ्या. दोनच ओळी, संशोधन निबंध नको.

दुसरे कारण मात्र दुखरे आहे. मुलगी तीन महिन्यांची असताना तिचे नाव पॉलिसीत घातले. त्या अर्जावर 'यापूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का?' याच्यापुढे 'नाही' आहे आणि खाली तुमची सही. एजंटने भरले, तुम्ही न वाचता सही केली. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की तुम्ही पुढे काय सांगणार तेही ठाऊक होते. कोऱ्या किंवा न वाचलेल्या अर्जावर सही करणाऱ्याला न्यायालये फारशी दया दाखवत नाहीत. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, पण ती जोरदार आहे. अर्जाच्या नऊ दिवस आधी तुम्ही एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला होता आणि त्याने अंगठ्याची होकाराची खूण पाठवून उत्तर दिले होते. (या प्रकरणात अंगठे फार झाले.) तो संदेश पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागेल. तोवर तो फोन विकू नका, बदलू नका, मुलीच्या हातात खेळायला देऊ नका.

आणि कृपा करून बेचाळिसावा ई-मेल लिहू नका. कारण सांगतो. नकारपत्रात जी कारणे दिली नाहीत ती कंपनीला नंतर आयोगात नव्याने काढता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात 2019 मध्ये म्हटले आहे. म्हणजे ते पत्र कंपनीलाही बांधते. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात 'पूर्वीचा आजार, प्रतीक्षा काळ' (म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) हे शब्द कुठेही नाहीत. ते तिसऱ्या पत्रात उगवतात, आणि तेही तुम्ही एका ई-मेलमध्ये 'तिला हा त्रास जन्मापासून आहे, तेव्हा दया करा' असे लिहिल्यानंतर. समोरच्याला बाण तुम्हीच पुरवलात. सुदैवाने तिसरा क्लेम झाला तेव्हा तिचे नाव पॉलिसीत येऊन 46 महिने झाले होते, आणि 2024 च्या नियमांनी पूर्वीच्या आजाराचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणला आहे. तिथे तो मुद्दा टिकू नये.

त्यावरूनच पॉलिसी सोडण्याचे उत्तर: अजिबात नाही. सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. मुलीचे आज 51 झालेत. आणखी नऊ महिने हप्ता भरलात की अर्जावरचे ते 'नाही' पुढच्या क्लेमपुरते जवळजवळ निकामी होते. नवी पॉलिसी घेतलीत तर, जुनी सलगता रीतसर पोर्ट केल्याशिवाय (नव्या कंपनीकडे वर्ग केल्याशिवाय), पुन्हा शून्यापासून मोजणी. शिवाय या आजारात कोणती नवी कंपनी दारात उभी करेल? मागे क्लेम केले म्हणून नूतनीकरण नाकारण्याची मुभा कंपनीला नाही. हप्ता वेळेवर भरा, रागावून थांबवू नका.

विमा लोकपालाबद्दल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल, विचारलेत. तिथली मुदत नकारानंतर एक वर्ष. पहिल्या दोन क्लेमसाठी ती गेली, निदान तसा वाद निघेल. आयोगात प्रकरण नेल्यावर तोच विषय तिकडे नेता येत नाही. एकच दार धरा.

दिव्यांग प्रमाणपत्राचे तुमच्या शेजाऱ्यांनी सुचवले आहे. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तिचा आजार थेट बसत नाही, तेव्हा त्यामागे सध्या धावू नका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर पुढच्या वेळी भरती करतानाच काउंटरवर दाखवा. कोणती प्रक्रिया त्यात बसते ते तिथेच कळते.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने. ही मुदत कायद्याच्या पुस्तकात बाकीच्या कलमांइतकीच स्वच्छ छापलेली आहे. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरा, पुढे राज्य आयोगात अपील झाले तर आणखी. एक मुदत मात्र खरोखर पाळली जाते: कंपनीने आपले म्हणणे 30 दिवसांत द्यायचे, फार तर आणखी 15. त्यानंतर ते घेतले जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवले आहे. नोटीस पोचल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि 46 व्या दिवशी विचारणा करा.

व्याज मागा, मनस्तापाची भरपाईही मागा. पण मोठा आकडा घालून आयोगाचे लक्ष 5,86,000 वरून हलवू नका.

कागद पुन्हा पाठवाल तेव्हा पत्र टेबलावर सपाट ठेवून फोटो काढा, हातात धरून नको. पाठपोट दोन्ही बाजू हव्यात. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का असेल तर तोही.