जर्मनीचं शिक्षण, स्वतःचं कर्ज आणि वडिलांचं घर

प्रश्न: मी कराडची, वय २५. पुण्यात आयटी कंपनीत दीड वर्ष नोकरी केली. हातात ४२ हजार पगार येतो, शिल्लक ३.४ लाख आहे. जर्मनीत माग्डेबुर्गच्या सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, तीन वर्षांनी निवृत्त होतील. ते जीपीएफमधून (भविष्य निर्वाह निधीतून) ९ लाख काढायचं म्हणतात. मला त्यांच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. सरकारी बँक १० टक्क्यांनी कर्ज देते, पण राहतं घर तारण मागते. एक खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय १२.७५ टक्क्यांनी द्यायला तयार आहे. खासगी कर्ज घ्यायचं आणि तिथे पार्टटाइम काम करून भागवायचं, असं ठरवलंय. बरोबर आहे का?

उत्तर: जीपीएफला हात लावू द्यायचा नाही, हा तुमचा निर्णय योग्य आहे. त्यावर ठाम राहा. नोकरीची तीन वर्षं उरलेल्या माणसाला ९ लाखांचा खड्डा पुन्हा भरून काढायला वेळच मिळत नाही. कर्ज तुमच्या नावावर असावं, हेही मला पटतं. पण जे कर्ज तुम्हाला जास्त स्वतंत्र वाटतंय, तेच तुम्हाला वडिलांवर जास्त अवलंबून ठेवेल. हिशेब मांडून दाखवते.

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवायला एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. युरो १०५ रुपयांचा धरला तर ही रक्कम साडेबारा लाखांच्या घरात जाते. तुमच्या विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही, फक्त सहामाही वर्गणी आहे. म्हणजे पहिली उचल साडेबारा लाखांची.

खासगी संस्थेचं मंजुरीपत्र नीट वाचा. अशा बहुतेक संस्था शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज मागतात, पूर्ण नाही तर निदान काही भाग. साडेबारा लाखांवर १२.७५ टक्क्यांनी पूर्ण व्याज होतं महिन्याला जवळपास १३,३०० रुपये, आणि ते उचल झाल्याच्या पुढच्याच महिन्यापासून. तेव्हा तुम्ही माग्डेबुर्गमध्ये खोली शोधत असाल. ते पैसे कोण भरणार? बाबाच. शिवाय तुमचा पगार थांबणार असल्यामुळे सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच लागेल, आणि एखादा हप्ता चुकला तर तुमच्याइतकाच त्यांचाही सिबिल स्कोअर खाली येईल. तारण नाही याचा अर्थ वडील त्यातून मोकळे आहेत, असा नाही.

सरकारी बँकेत साधारणपणे शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, आणि त्या काळात सरळव्याज लागतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरून साडेबारा लाखांवर तीन वर्षांचं व्याज ३.७५ लाख. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साधारण २१,५०० रुपये. मधल्या काळात महिन्याला १०,४०० रुपये व्याज भरत गेलात तर हाच हप्ता १६,५०० वर येतो. भरायचं की नाही, हे मात्र तुमच्या हातात. पहिले सहा महिने भरू नका. नंतर जमेल तेवढं भरा.

आता घर तारण ठेवण्याबद्दल. तुमचा विरोध मी हलक्यात घेत नाही. आईवडिलांनी उभं केलेलं घर बँकेच्या कागदावर जाणार आहे. म्हणून सगळं वाईट घडलं तर काय होईल, तेच आधी पाहू. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण समजा तरीही नोकरी मिळाली नाही आणि तुम्ही पुण्याला परतलात. ४२ हजारांतून २१,५०० म्हणजे निम्मा पगार गेला. ओढाताण होईल, दोन-तीन वर्षं खोली शेअर करून राहावं लागेल, पण घर जाणार नाही. तुमच्या जिवाला काही झालं तर? त्यासाठी जाण्याआधी २५ लाखांची साधी टर्म पॉलिसी घ्या, नॉमिनी वडील. या वयात तिचा हप्ता किरकोळ असतो. बँक कर्जासोबत एकरकमी विमा पुढे करेल. त्याची रक्कम कर्जातच मिळवली जाते आणि तिच्यावरही व्याज लागतं, तेव्हा दोन्हींची तुलना करूनच सही करा.

पार्टटाइमबद्दल मला जरा जास्तच काळजी वाटते. कायद्याने तुम्हाला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. तिथलं किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे आणि मिनीजॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ कामाची, कमाईची मर्यादा महिन्याला ६०३ युरो, म्हणजे आठवड्याला दहाएक तास. सहा महिने मिनीजॉब केला तर ३,६१८ युरो मिळाले. पण कामाच्या नादात विषय राहिले आणि एक सेमिस्टर वाढलं, तर सहा महिन्यांचा राहण्याचा खर्चच ५,९५२ युरो, सव्वासहा लाख रुपये. शिवाय परीक्षेला बसायच्या संधी तिथे मोजक्या असतात. त्या संपल्या की प्रवेशही संपतो. वडिलांचे पैसे नकोत म्हणून रात्री गोदामात खोकी उचलायची आणि सकाळी लेक्चरला डुलक्या काढायच्या, यात स्वावलंबन कसलं? त्यात लहान शहरात खोली स्वस्त असली तरी जर्मन न येणाऱ्याला काम लवकर मिळत नाही. जाण्यापूर्वीच्या या महिन्यांत जर्मनच्या क्लासवर खर्च केलेला प्रत्येक रुपया मला तुमच्या दरमहाच्या बचतीपेक्षा मोलाचा वाटतो.

तेव्हा पहिलं सेमिस्टर कमाई शून्य धरूनच आखा. दुसऱ्यापासून विद्यापीठातच सहायकाचं काम मिळतंय का पाहा. तिथे त्याला ‘हिवी’ म्हणतात, आणि ते दिवस १४० मध्ये मोजले जात नाहीत. तुमच्या शहरात काटकसरीने ७५० युरोंच्या आसपास भागावं. म्हणजे ९९२ मधून महिन्याला दोनेकशे उरतील. वर्षभरात २,४०० हे आणि सहा महिन्यांच्या कामाचे ३,६००. वर्षअखेरीस निवास परवान्याचं नूतनीकरण करताना पुढच्या वर्षाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. ही बाब बरेचजण विसरतात आणि मग घाईघाईने घरून पैसे मागवतात. तुमच्याजवळ तेव्हा निम्मी सोय झालेली असेल. उरलेल्यासाठी बँकेकडून आत्ताच २० लाखांची मंजुरी घ्या आणि उचला फक्त साडेबारा. जेवढं उचलाल तेवढ्यावरच व्याज लागतं.

तुमचे ३.४ लाख कुठे घालायचे? कर्ज कमी करण्यात नको. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तिथे पोहोचून पत्त्याची नोंदणी आणि बँक खातं झाल्याशिवाय हातात पडत नाहीत. घराची अनामत मात्र लगेच द्यावी लागते, आणि ती तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते. विमानाचं तिकीट, विमा आणि हे पहिले दीड-दोन महिने यासाठी सव्वादोन लाख बाजूला ठेवा. उरलेले इथेच राहू द्या, परतीच्या तिकिटापुरते कायम. कर्जाची रक्कम बँकेकडून थेट परदेशी गेली की टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) कापला जात नाही. स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांवर पाठवलंत तर कापला जातो.

आणखी दोन गोष्टी. पुण्यातल्या ग्राहकांसाठी तुम्ही सुट्टीच्या दिवशी वेबसाइटची कामं करता, असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. ती जर्मनीतून चालू ठेवू नका. विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय करायला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. आणि तुमचं भारतातलं सिमकार्ड घरी ठेवून जाऊ नका. बरीच मुलं ते वडिलांच्या फोनमध्ये टाकून जातात. मग प्रत्येक व्यवहाराला ‘बाबा, ओटीपी सांगा’, आणि तोही इथल्या रात्री साडेअकराला! आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून सिम सोबत न्या, त्याचा रिचार्ज चुकवू नका आणि बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं इथलं खातं) करून घ्या. खातं तुमचं आहे, ते तुम्हीच चालवा.

वडिलांशी बोलताना ‘तुमचे पैसे नकोत’ एवढंच म्हणू नका, त्यांना ते लागेल. सही आणि घराचे कागद त्यांच्याकडून घ्या, आणि ही जबाबदारी किती वर्षांची आहे ते आकड्यांनिशी समोर ठेवा. बँकेत जाल तेव्हा दोघं मिळून तीन गोष्टी लेखी मागा: हप्ता नेमका कोणत्या महिन्यापासून सुरू होतो, मधल्या काळात व्याज भरलं तर दरात सवलत आहे का, आणि कर्ज फिटल्यावर घराचे कागद किती दिवसांत परत मिळतील.